ओल कुठली, ते आधी पाहा

मृगाचे पहिले चार दिवस सरले आणि नाशिकची हवा दमट झाली, की ज्या घरात कुत्रं-मांजर आहे आणि खाली गालिचा अंथरलेला आहे, तिथे एक जुना वास पुन्हा उठतो. मे महिनाभर तो कुणाला आलेला नसतो. गंगापूर रोडवरच्या आमच्या इमारतीत तरी हे दरवर्षी घडतं. मग उदबत्त्या लागतात, खिडक्या उघडल्या जातात, पाहुणे येणार असतील तर गालिचा गुंडाळून आतल्या खोलीत जातो. आणि त्या दिवशी काहीही न केलेलं जनावर बोलणी खातं.

वास परत का येतो हे कळलं की निम्मा राग तिथेच ओसरतो. लघवीतलं पाणी सुकून जातं, पण युरिया आणि क्षार धाग्याला धरून राहतात. पावसाळ्यात हेच क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात आणि सुकलेला डाग आतून पुन्हा ओलसर होतो. तिथे बसलेल्या जंतूंना तेवढंच हवं असतं. ते युरिया फोडतात, त्यातून अमोनिया सुटतो आणि आठ महिन्यांपूर्वीची गोष्ट आज घडल्यासारखी नाकाला झोंबते. ताज्या लघवीला एवढा वास नसतो, जुनीला असतो, तो त्यामुळेच. नेटवर सगळं खापर युरिक ॲसिडच्या खड्यांवर फोडलेलं आढळतं. माणसाच्या बाबतीत त्यात तथ्य आहे, पण बहुतेक कुत्र्या-मांजरांच्या शरीरात युरिक ॲसिडचं पुढे ॲलंटॉइन होतं आणि ते पाण्यात सहज विरघळतं. डाल्मेशियन जात याला अपवाद. तेव्हा आपल्या गल्लीतल्या मोत्याच्या डागाला घाबरून जायचं कारण नाही. तो निघतो. फक्त जिथवर लघवी गेली आहे, तिथवर पाणी आणि औषध पोचायला हवं.

आमच्या घरी ठकी आहे. पार्किंगमध्ये जन्मलेली, गावठी, तांबूस रंगाची, आता चांगलीच म्हातारी. आणि सासऱ्यांनी हौसेने घेतलेला भदोहीचा लोकरी गालिचा आहे. भदोही हे उत्तर प्रदेशातलं गालिच्यांचं गाव, तिथल्या हातविणीच्या गालिच्यांना २०१० साली भौगोलिक मानांकनही मिळालं. सासरे आता नाहीत. त्यामुळे सासूबाईंसाठी तो नुसता गालिचा राहिलेला नाही, आणि ठकीही नुसती कुत्री नाही, कारण सासऱ्यांच्या शेवटच्या आजारपणात ती त्यांच्या कॉटखालून हललेली नव्हती. गालिचा आणि ठकी यांपैकी एकालाच निवडा, असं आमच्या घरात कुणी म्हणूच शकत नाही.

नाशिकच्या घरांत गालिचा तसा मूळचा नाही. वाड्यांत शेणाने सारवलेली जमीन होती, मग शहाबादी आली, मग मोझॅक, आता व्हिट्रिफाइड. कार्य असलं की सतरंजी, जाजम. गालिचा येतो तो थंडीच्या निमित्ताने. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर आल्याच्या बातम्या आपण वाचतो, द्राक्षबागायतदार बागेत शेकोट्या पेटवून रात्र काढतात, आणि शहरातल्या घरांत फरशीवर पाय टेकवत नाही. म्हाताऱ्या माणसाचे गुडघे जसे थंडीत धरतात, तसेच म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे सांधेही धरतात. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय फाकतात, उठताना नखं सरकतात. गालिच्यावर मात्र पंजाला पकड मिळते आणि अंगाला ऊब. म्हणून म्हातारं कुत्रं दिवसभर गालिच्यावर असतं, आणि म्हणूनच जे व्हायचं ते गालिच्यावर होतं. ‘एवढी फरशी सोडून हिला नेमका गालिचाच सापडतो’ असं म्हणणाऱ्याने हे एकदा लक्षात घ्यावं.

एका थंडीत सासूबाई सकाळी पोथी घेऊन गालिच्यावर बसायला गेल्या आणि मला हाक मारली, ‘अगं, इथे ओल कसली गं?’ ठकी नुकतीच उठून बाजूला झाली होती. मी हात लावून पाहिला. तिच्या अंगाखालचा भाग, साधारण ताटलीएवढा, कोमट होता. तिच्या मागच्या मांड्यांचे केस चिकटले होते आणि ती वळून ते चाटत होती. खोलीत बाकी कुठे थेंब नव्हता. दाराशी नाही, खुर्चीच्या पायाला नाही, पडद्याला नाही.

माझ्या मते सगळं इथे आहे. ओल पुसायच्या आधी दोन मिनिटं तिच्याकडे नीट पाहायला हवं, कारण एकदा फडकं फिरलं की पुरावा गेला. जिथे जनावर झोपलं होतं तिथेच ओल असेल, तर ते झोपेत गळलेलं आहे, त्याला कळलेलंही नसतं. दाराजवळ मोठं थारोळं असेल, तर त्याला लागली होती, त्याने थांबवायचा प्रयत्न केला आणि तिथे पोचून त्याचा धीर सुटला. अशा वेळी ते पाणी किती पितंय हे बघायचं. सोफ्याच्या कोपऱ्यावर किंवा उंबऱ्यालगत थोडीशीच, उभी पिचकारी असेल, तर तो हद्द आखण्याचा प्रकार, बहुतेक नसबंदी न झालेल्या नराचा. तुम्ही घरी आलात, वाकून लाड करायला गेलात आणि पिल्लाने तिथेच केली, तर ते दबून जाणं आहे, ओरडलात तर वाढतं. तुम्ही बाहेर असतानाच होत असेल, सोबत दार खरवडलेलं, उशा फाडलेल्या असतील, तर ते एकटेपणाला घाबरतंय. आणि घटकाघटकाला दोन-चार थेंब, कधी गुलाबीसर, म्हणजे मूत्राशयात जंतुसंसर्ग किंवा खडा असू शकतो. गालिच्यावर दिसतो तो एकच पिवळा डाग. त्यामागे कारणं मात्र इतकी वेगवेगळी, आणि प्रत्येकावरचा उपाय निराळा.

ठकीचा डाग पहिल्या प्रकारातला होता. डॉक्टरांनी सकाळची पहिली लघवी तपासायला आणायला सांगितली. ती धरायची कशी, हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. जुना, लांब दांड्याचा डाव स्वच्छ धुवून कोरडा करायचा, खाली सोडल्यावर कुत्री बसली की मागून हळूच खाली सरकवायचा. बसायच्या आधी दाखवला तर ती उठून चालू लागते. मेडिकलमध्ये मिळते त्या निर्जंतुक डबीत ती ओतायची आणि तासा-दोन तासांत पोचवायची, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवायची. त्यावरून लघवी किती पातळ आहे, साखर जाते का, जंतू-पेशी आहेत का, एवढं तर लगेच कळतं. मधुमेह, मूत्रपिंडाचा जुना आजार, कुशिंगचा आजार (शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक जास्त होणं), या सगळ्यांत जनावर भरपूर पाणी पितं आणि भरपूर लघवी करतं. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तरी तसंच होतं.

ठकीला यातलं काही निघालं नाही. नसबंदी झालेल्या माद्यांमध्ये वय वाढतं तसा मूत्रमार्गाच्या तोंडाचा स्नायू ढिला पडतो, इस्ट्रोजेन नसल्याचा तो परिणाम. जागेपणी त्या धरून ठेवू शकतात, गाढ झोपेत स्नायू सैलावतो आणि गळतं. त्यावर औषध आहे, बऱ्याच जणींना गुण येतो, ठकीलाही आला. हे वाचून कुणी नसबंदी टाळू नये. गर्भाशयात पू होण्याच्या आजाराने रस्त्यावरच्या माद्या मरताना मी पाहिल्या आहेत. त्याच्यापुढे गालिच्यावरची ओल म्हणजे काहीच नाही.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. शू जास्त होते म्हणून म्हाताऱ्या कुत्र्याचं पाणी तोडू नका. ‘रात्री भांडं उचलून ठेव’ हा सल्ला मला किती तरी जणांनी दिला, सगळे भले लोक. पण मूत्रपिंड थकलेलं जनावर पाणी पितं ते जगण्यासाठी. पाणी तोडलं तर गालिचा कोरडा राहील आणि जनावर हातचं जाईल. पाणी भरपूर ठेवायचं, आणि झोपायच्या आधी एकदा जास्तीचं खाली न्यायचं.

मूत्रपिंडाचा विषय निघालाच आहे, तर नाशिककरांनी एवढं लक्षात ठेवावं. द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याला विषारी आहे. आपल्याकडे जानेवारी ते एप्रिल घराघरांत द्राक्षांची टोपली असते, शेतावरून कुणीतरी पेटी पाठवतं, शिऱ्यात बेदाणे पडतात. काही कुत्री खातात आणि त्यांना काही होत नाही, काहींची मूत्रपिंडं थोडक्या द्राक्षांनी निकामी होतात. अमेरिकेतल्या विषतज्ज्ञांनी २०२१ साली टार्टारिक ॲसिडकडे बोट दाखवलं, आणि ते द्राक्षात मुबलक असतं. आधी उलट्या होतात, कुत्रं मलूल पडतं, मग लघवी वाढते किंवा पार बंद होते. खाल्ल्याचं कळताच डॉक्टर गाठायचे, लक्षणांची वाट बघायची नाही.

आता गालिचा.

ओल ताजी असेल तर ती घासायची नाही. घासलं की लघवी धाग्याच्या मुळाशी जाते आणि लोकर पिंजली जाते. जुनं सुती धोतर किंवा पंचा चौघडी करून वर ठेवायचा आणि त्यावर उभं राहायचं. अंगाचा भार द्यायचा. पंचा भिजला की कोरडी बाजू. गालिचा उचलून खालूनही एक फडकं घालायचं, कारण वर ताटलीएवढा दिसणारा डाग खाली परातीएवढा झालेला असतो. पंच्यावर ओल उमटायची थांबली की थंड पाणी थोडं थोडं ओतून पुन्हा टिपायचं. नुसत्या एवढ्यानेच बहुतेक काम होतं, आणि बहुतेक लोक नेमकं एवढंच करत नाहीत. ते थेट बाटल्यांकडे वळतात.

त्यानंतर एक वाटी पांढरं व्हिनेगर आणि दोन वाट्या पाणी. शिळी लघवी अल्कधर्मी होते, व्हिनेगरचं आम्ल तिला मारतं, आणि लोकरीला सौम्य आम्ल सोसतं. क्षार सोसत नाही. म्हणून सोड्याचा मारा किंवा कपडे धुण्याची पावडर लोकरीवर नको. खायचा सोडा वरून भुरभुरून, वास शोषला की ब्रशने झाडून घेतला तर चालतो, पण तो भिजवून चोळायचा नाही. काहीही लावण्याआधी गालिच्याच्या मागच्या कोपऱ्यात पांढरं ओलं फडकं दाबून बघायचं. रंग उतरला तर थांबायचं. काश्मिरी रेशमी गालिचा असेल तर घरी प्रयोगच करू नये.

पाळीव प्राण्यांसाठीचे एंझाइमवाले क्लीनर आता नाशिकमध्येही मिळतात आणि ते खरंच काम करतात, वास झाकण्याऐवजी वासाचं मूळच फोडतात. त्यांना वेळ द्यावा लागतो, डाग जितका खोल तितकं ते मुरवावं लागतं. पण त्यातल्या काहींत प्रथिनं फोडणारी एंझाइमं असतात, आणि लोकर-रेशीम ही प्रथिनंच आहेत. सिंथेटिक किंवा सुती असेल तर निर्धास्त वापरा, लोकरीसाठी बाटलीवर तसं लिहिलं आहे का ते वाचूनच घ्या. हायड्रोजन पेरॉक्साइडचंही तसंच, पांढऱ्या सुती सतरंजीला उत्तम, रंगीत लोकरीचा रंग खातं.

फिनेल मात्र नको. आपल्याकडे वास आला की फिनेल, ही सवय हाडीमाशी भिनलेली. आमच्या कामाच्या ताई फार जीव लावून काम करतात, आणि त्यांच्या दृष्टीने फिनेलचा वास आला नाही तर घर स्वच्छ झालंच नाही. त्यांना मी एकदा बसवून सांगितलं. मांजराच्या यकृताला फिनॉलच्या जातीची रसायनं नीट पचवता येत नाहीत, आणि जनावर पंजाने चालतं, तेच पंजे चाटतं. ब्लीचिंग, ॲसिडही नको. ब्लीच आणि लघवीतला अमोनिया मिळून घशाला झोंबणारा विषारी वायू होतो, व्हिनेगरमध्ये मिसळलं तर क्लोरीन सुटतो. अमोनियावाला काच पुसायचा स्प्रे वापरला तर त्या जागेला आणखीच लघवीसारखा वास येतो आणि जनावर पुन्हा तिथेच बसतं. आपल्या नाकात वासाच्या पेशी पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या नाकात वीस-तीस कोटी. आपल्याला स्वच्छ वाटलेली जागा त्याला आपलीच जुनी जागा वाटते.

गरम वाफही नको. एका धुलाईवाल्याने घरी येऊन आमचा गालिचा वाफेच्या यंत्राने धुतला होता. दोन दिवस छान वाटलं, नंतर वास पूर्वीपेक्षा पक्का बसला. उष्णतेने लघवीतली प्रथिनं धाग्याला घट्ट धरतात.

शेवटी आम्ही तो गच्चीवर नेला. भर मे महिना, सकाळची वेळ. आधी पाठीमागून पाणी, कारण हातविणीच्या गालिच्याचा ताणाबाणा सुती असतो आणि लघवी तिथेच मुरलेली असते. उलट बाजूने नळीचं पाणी सोडल्यावर पहिल्यांदा जे निघालं ते चहाच्या रंगाचं होतं, आणि त्याला तो ओळखीचा वास होता. मग ते फिकं होत गेलं. लोकरीच्या कपड्यांचा सौम्य साबण, हाताने, केसाच्या दिशेने. शेवटच्या पाण्यात व्हिनेगर. काठीला रबराची पट्टी लावलेला फरशीचा वायपर केसाच्या दिशेने ओढत राहिलं की भरमसाठ पाणी निघतं, हा उपाय सासूबाईंनी सुचवला. पाणी निथळल्यावर तो कठड्यावर आडवा टाकला, उलटी बाजू उन्हाकडे, म्हणजे रंग उडत नाही. नाशिकचं मे महिन्याचं कोरडं ऊन असल्यामुळेच हे जमतं. पावसाळ्यात असा गालिचा भिजवला तर तो आठवडाभर वाळत नाही, सुती पाया कुजतो, बुरशी येते. म्हणून पावसाळ्यात फक्त टिपायचं आणि पंखा लावायचा, मोठी धुलाई उन्हाळ्यावर ठेवायची. टफ्टेड गालिच्याला तर अशी धुलाई देऊच नये. त्याच्या मागे कापड लेटेक्सने चिकटवलेलं असतं, आणि त्या थरात मुरलेली लघवी कशानेही निघत नाही. घरात जनावर असेल तर टफ्टेड गालिचा घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. मशीनमध्ये मावणारी सुती दरी त्याहून कितीतरी शहाणी.

हे सगळं हातमोजे घालून करावं, विशेषतः पावसाळ्यात. उंदरांमुळे लेप्टोस्पायरोसिस पसरतो, तो कुत्र्यालाही होतो आणि त्याच्या लघवीतून माणसाला लागू शकतो. वर्षाची लस चुकवू नये.

माझा जीव तुटतो तो वेगळ्याच गोष्टीने. अजूनही चांगल्या शिकलेल्या घरांत कुत्र्याचं नाक त्याच्याच लघवीत घासतात. ‘त्याला कळतं, बघा कसा तोंड पाडून बसलाय!’ न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली चौदा कुत्र्यांवर याचा प्रयोग प्रसिद्ध केला. मना केलेला खाऊ कुत्र्याने खाल्ला आहे की नाही, यावर तो ‘अपराधी’ चेहरा अवलंबून नव्हता. मालक रागावला की तो दिसायचा, आणि काहीही न केलेल्या कुत्र्यालाही तो पडायचा. कान मागे, नजर चुकवलेली, शेपूट पायांत. ती भीती आहे. तिला आपण कबुली समजतो आणि मग शिक्षा देतो. ते जनावर त्यातून एवढंच शिकतं, की घरातल्या माणसांसमोर लघवी करणं धोक्याचं आहे. मग ते सोफ्यामागे करतं. म्हाताऱ्या, झोपेत गळणाऱ्या कुत्रीला तर आपण कशासाठी मार खातोय हे कधीच कळत नाही. अशाच कारणाने म्हातारपणी गंगापूर धरणाच्या रस्त्यावर सोडून दिलेली कुत्री मी पाहिली आहेत, गळ्यात पट्टा असलेली. त्यांतल्या काहींना गोळ्यांनी गुण आला असता.

मांजराचं थोडं वेगळं आहे. बोक्याच्या लघवीत फेलिनीन नावाचं द्रव्य असतं, ते फुटून गंधकाचे पदार्थ तयार होतात, म्हणून त्याचा वास दिवसागणिक चढतो. नसबंदीनंतर तो बराच उतरतो. टोपलीतली वाळू रोज काढली नाही, टोपली वॉशिंग मशीनच्या शेजारी दणदणाटात ठेवली, किंवा घरात नवं मांजर आलं, तरी मांजर गालिचा शोधतं.

पण शेजारच्या आजोबांच्या बोक्याची गोष्ट निराळी होती. तो टोपलीत जायचा, बाहेर यायचा, गालिच्यावर बसायचा, पुन्हा टोपलीत. आजोबांना वाटलं, बद्धकोष्ठ आहे. गालिच्यावर तर काही डागच नव्हता, बोट फिरवल्यावर जेमतेम एक थेंब लागला. बोका कण्हत होता आणि पोट चाटत होता. नराचा मूत्रमार्ग अरुंद असतो, तिथे खड्यांचा चिखल अडकला की लघवी तुंबते, रक्तात पोटॅशियम चढतं आणि हृदय थांबतं, एक-दोन दिवसांत. डॉक्टरांनी नळी घालून त्याचा मार्ग मोकळा केला, काही दिवस दवाखान्यात ठेवला, आणि आता तो कोरड्या दाण्यांऐवजी ओलं जेवतो, पाणी जास्त पितो. तेव्हा बोका वरचेवर लघवीला बसतोय आणि गालिचा कोरडा आहे, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. रात्रीचे दोन वाजलेले असोत, डॉक्टरांना फोन लावा आणि त्याला घेऊन निघा.